गाडी जाते, पण थांबत नाही

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात, पडद्यावर छायाचित्रं दाखवत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं आलटूनपालटून बोलणार आहोत. कोणतं वाक्य कुणाचं याचा हिशेब ठेवू नका; आम्हीही ठेवलेला नाही. आमच्यापैकी एकाची नोकरी बँकेत झाली, एकीची शाळेत भूगोल शिकवण्यात. लेक आणि जावई अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स या गावी असतात, म्हणून तिकडे दोन वेळा जाणं झालं. अमेरिकेची छायाचित्रं म्हटल्यावर तुम्ही नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघायच्या तयारीने बसला असाल. तेही काढलेत, घरी आलात तर दाखवू. आज दाखवणार आहोत मालगाड्या, आणि त्या मालगाड्यांच्या रुळांलगत ओस पडलेली गावं.

हे पहिलं छायाचित्र. फोर्ट कॉलिन्समधला मेसन स्ट्रीट. दोन्ही बाजूंना दुकानं, मोटारी उभ्या आहेत, आणि रस्त्याच्या मधोमध नारिंगी रंगाचं इंजिन चाललं आहे. ही बीएनएसएफ कंपनीची मालगाडी. कुंपण नाही, भिंत नाही. भरवस्तीतून आणि विद्यापीठाच्या आवारातून गाडी सावकाश जाते. भोंगा मात्र कान किटवणारा: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. प्रत्येक फाटकावर हाच क्रम. आपल्या ग्वाल्हेरात छोटी लाइन शहरातून कशी जायची ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आम्हालाही नवलापेक्षा ओळखच जास्त वाटली, आणि तिथून हा नाद लागला.

थोडी माहिती सांगतो, कारण तिथली रेल्वे आपल्या उलट आहे. आपल्याकडे प्रवासी गाडी मानाची आणि मालगाडी बाजूच्या लाइनवर तासन्तास उभी. तिकडे बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे. पश्चिमेकडे मुख्य दोनच, बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक. अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्या रुळांवर पाहुणी म्हणून धावते. शिकागो ते डेन्व्हर आम्ही तिनेच गेलो.

आपल्याकडची वाघिणींची नेहमीची गाडी साधारण अठ्ठावन्न डब्यांची, पाऊण किलोमीटरच्या आतली. लहानपणी फाटकावर उभं राहून आपण सगळ्यांनी डबे मोजले आहेत. तिकडे मोजताना दम लागतो. कोळशाच्या गाडीला सव्वाशेच्या आसपास डबे असतात. कंटेनरच्या गाड्या, एकावर एक दोन कंटेनर रचलेल्या, कधीकधी तीन किलोमीटर लांब. इंजिनं पुढे दोन-तीन, शेवटी एखाद-दुसरं, काही गाड्यांना मधेही. सगळी पुढच्या चालकाच्या हातात, बिनतारी. एवढ्या गाडीवर माणसं साधारण दोन. गार्डाचा डबा तिकडे १९८०च्या दशकापासून निघत गेला. आता शेवटच्या डब्याला एक पेटी अडकवतात, तिचा लाल दिवा लुकलुकतो. आपल्याकडे गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं, माणूस मात्र अजून पुष्कळ गाड्यांवर दिसतो. तिकडे हात हलवायला मागच्या टोकाला कोणीच नसतं, याचं आम्हाला उगीच वाईट वाटलं.

आता हे दुसरं ठिकाण. फोर्ट कॉलिन्सहून उत्तरेला निघालं की तासाभरात वायोमिंग राज्य लागतं. झाड नाही, घर नाही. वारा इतका की कॅमेऱ्याच्या तिपाईला दगडाची पिशवी बांधावी लागते. युनियन पॅसिफिकची मुख्य लाइन इथे शर्मन हिलचा चढ चढते. १८६९ साली अमेरिकेचे दोन किनारे ज्या रेल्वेने जोडले गेले, तीच ही लाइन. चढावर गाडीचा वेग उतरतो, इंजिनांचा आवाज गाडी दिसण्याआधी दहा मिनिटं ऐकू येतो, आणि पिवळी इंजिनं वळणावर आली की संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखी दिसतात. दुपारी काढलेलं छायाचित्र इथे फुकट जातं. ऊन डोक्यावर असलं की डब्यांच्या कडा सपाट होतात आणि चाकं काळोखात बुडतात. म्हणून आम्ही सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढंच काम करायचो. मधला वेळ थर्मासमधला चहा आणि लेकीने दिलेले थेपले. होय, थेपले. जावई वडोदऱ्याचे.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. सिग्नलकडे बघायचं, कान उघडे ठेवायचे आणि बसायचं. कधी तासात चार गाड्या, कधी तीन तासांत एकही नाही. रुळांची जागा कंपनीची, तिथे पाऊल टाकणं गुन्हा. म्हणून सगळी छायाचित्रं सार्वजनिक रस्त्यावरून काढलेली आहेत. तरुण मुलांना मुद्दाम सांगतो, रुळांवर उभं राहून सेल्फी काढणं तिथेही जिवावर बेततं आणि इथेही.

त्या चढापासून काही मैलांवर माळरानात दगडाचा एक पिरॅमिड उभा आहे. पडद्यावर बघा, खाली माणूस उभा आहे त्यावरून अंदाज येईल. साठ फूट उंच. हे एम्स स्मारक, १८८२ साली पुरं झालं. एच. एच. रिचर्डसन या नामांकित वास्तुकाराची रचना, आणि वरचे दोन चेहरे सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचे. ओक्स आणि ऑलिव्हर एम्स या भावांनी ही रेल्वे बांधायला पैसा उभा केला. ओक्स एम्स संसदेचा सदस्यही होता, आणि रेल्वे बांधणाऱ्या क्रेडिट मोबिलियर या कंपनीचे शेअर त्याने इतर सदस्यांना स्वस्तात वाटले. १८७३ साली सभागृहाने त्याच्यावर ठपका ठेवला आणि त्याच वर्षी तो वारला. कंपनीने मात्र त्याचं स्मारक उभारलं, तेही आपल्या लाइनच्या सगळ्यात उंच जागी, ८,२४७ फुटांवर, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला खिडकीतून दिसावं. शेजारी शर्मन नावाचं गाव होतं. गाड्या तिथे थांबायच्या, ब्रेक तपासले जायचे, इंजिनं बदलायची.

आणि १९०१ साली कंपनीने चढ कमी करण्यासाठी रूळ काही मैल दक्षिणेला नेले. झालं. गाव उठलं. आज तिथे काही थडगी आहेत आणि हा पिरॅमिड. ज्यांनी रेल्वे आणली त्यांचं स्मारक रेल्वेविना. तिथे उभं राहिलं की दूरवरून नव्या लाइनवरच्या गाड्यांचा आवाज येतो. एवढं सगळं बांधून, वसवून, सोडून दिलं.

या जागेने आम्हाला शहाणं केलं. तोवर आमच्या दोन वेगळ्या फायली होत्या: एकीत गाड्या, एकीत पडकी घरं. शर्मननंतर आम्ही त्या एक केल्या. ही गावं रेल्वेने जन्माला घातली आणि रेल्वेनेच सोडली. गाडीशिवाय ते पडकं घर नुसतं पडकं घर राहतं.

गावं कशी जन्माला घातली ते ऐका, शिक्षिकेला राहवत नाही. माळरानात आधी रूळ आले, मग वस्ती. सरकारने रेल्वे कंपन्यांना जमिनी दिल्या, कंपन्यांनी त्या विकल्या, आणि १८६२च्या होमस्टेड कायद्याने शेतकऱ्याला पाच वर्षं कसण्याच्या अटीवर १६० एकर मिळू लागले. ही जमीन त्याआधी मोकळी होती असं मात्र समजू नका. इथे शायान आणि अरापाहो लोक राहत होते, त्यांना हुसकावलं गेलं. दर सात ते दहा मैलांवर एक स्टेशन, कारण धान्याने भरलेली घोडागाडी घेऊन शेतकरी सकाळी निघाला की संध्याकाळच्या आत घरी परतला पाहिजे. गावाला नाव काय द्यायचं हेही कंपनीच ठरवायची. नेब्रास्कात बर्लिंग्टन कंपनीच्या लाइनवर तर बाराखडीच लावली आहे: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झीटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनिआटा, केनेसॉ. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के. आमची प्रवासी गाडी याच लाइनने गेली, पण रात्रीची. खिडकीत नाक लावून बसलो तरी एक अक्षर दिसलं नाही.

प्रत्येक स्टेशनाशेजारी एक उंच इमारत: ग्रेन एलिव्हेटर. एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे. शेतकरी खालच्या खड्ड्यात धान्य ओततो, पट्ट्याला लावलेल्या बादल्या ते वर नेतात, वरून ते आपल्याआप कोठारांत पडतं, आणि कोठारातून नळाने सरळ डब्यात. १८४२ साली बफेलो शहरात जोसेफ डार्टने वाफेवर चालणारं पहिलं बांधलं. मैदानी मुलखातली जुनी एलिव्हेटरं लाकडाची, वर पत्रा. सपाट प्रदेशात दहा मैलांवरून दिसतात, जसं आपल्याकडे लांबून देवळाचं शिखर दिसतं.

ती ओस का पडली? ट्रक आले, रस्ते झाले. घोडागाडीचे सात मैल ट्रकला काहीच नाहीत. मग कंपन्यांना एकाच जागी शंभर-एकशेदहा डबे एकदम भरून हवे झाले, आणि लाकडी एलिव्हेटराच्या बाजूला जेमतेम काही डबे मावायचे. डिझेल इंजिनाला पाणी भरायला थांबावं लागत नाही, तोही एक थांबा गेला. १९८० साली स्टॅगर्स कायदा झाला, त्याने तोट्यातल्या शाखा सोडून देणं कंपन्यांना सोपं केलं. १९१६ साली अमेरिकेत २,५४,००० मैल लाइन होती, आज सुमारे १,४०,००० मैल आहे. जी गेली ती भारतातल्या आजच्या एकूण रेल्वेमार्गाच्या अडीचपटीहून अधिक भरते. आणि गंमत अशी की उरलेल्या लाइनींवरून मालाची वाहतूक मात्र प्रचंड चालते. रेल्वे मेली असती तर समजण्यासारखं होतं. ती जोमात आहे, फक्त थांबत नाही.

हे केओटा. फोर्ट कॉलिन्सच्या पूर्वेला, पॉनी नावाच्या गवताळ प्रदेशात. पाण्याची एक उंच टाकी, तिच्यावर गावाचं नाव, आणि खाली मोजकी घरं. इथे बर्लिंग्टनची शाखा होती. १९७०च्या दशकात रूळ उखडले. कोरडवाहू शेती, मग १९३०च्या दशकातला धुळीच्या वादळांचा दुष्काळ. पुष्कळांनी जमिनी सोडल्या, सरकारने त्या परत विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा गवत वाढू दिलं. जेम्स मिशनर हा कादंबरीकार ‘सेंटेनियल’ लिहिताना इथे येऊन गेला होता. कादंबरी १९७४ची. टाकीचं छायाचित्र सगळेच काढतात, आम्हीही काढलं. पण आम्हाला जास्त आवडलं ते हे दुसरं: गवतात जरासा उंच, सरळ, लांबवर गेलेला मातीचा बांध. रूळ नाहीत, स्लीपर नाहीत. माहीत नसेल तर शेताचा बांध वाटेल. पाहुण्यांना हे दाखवलं की ते विचारतात, यात काय आहे?

आणि हे डिअरफील्ड. याच जिल्ह्यात, ग्रीलीच्या पूर्वेला. १९१० साली ऑलिव्हर टूसाँ जॅक्सन या कृष्णवर्णीय गृहस्थाने आपल्या लोकांसाठी शेतीची वसाहत काढली. बुकर टी. वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र वाचून त्याने ही कल्पना घेतली होती. पहिल्या हिवाळ्यात माणसं तंबूंत आणि डोंगरउतारातल्या खड्ड्यांत राहिली. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव होता तोवर गाव फुललं. चर्च झाली, शाळा झाली. मग भाव कोसळले, मग दुष्काळ. १९४० साली उरली बारा माणसं. जॅक्सन १९४८ साली वारला. आम्ही गेलो तेव्हा दोन-तीन मोडकळलेल्या लाकडी इमारती आणि एक फलक. आपल्या पूर्वजांपैकी काही पुण्याहून, साताऱ्याहून शिंद्यांच्या फौजेबरोबर, काही दरबारच्या चाकरीत इथे आले आणि पाय रोवून राहिले. त्यांना दरबाराचा आधार होता. या माणसांना असा कुणाचाच आधार नव्हता. तो फलक आम्ही दोनदा वाचला.

अशी छायाचित्रं काढणारे आम्ही काही पहिले नाही. ओ. विन्स्टन लिंक हा न्यू यॉर्कचा व्यावसायिक छायाचित्रकार १९५५ ते १९६० या काळात व्हर्जिनियाकडे जाऊन रात्रीच्या वेळी वाफेची इंजिनं टिपत राहिला. एका छायाचित्रासाठी डझनावारी फ्लॅशचे दिवे तारांनी जोडायचा. त्याच्या चौकटीत इंजिन असतंच, पण पुढे पोहणारी मुलं, उघड्या सिनेमागृहात मोटारीत बसलेली जोडपीही असतात. रोआनोकच्या जुन्या स्टेशनात आज त्याचं संग्रहालय आहे. दुसरा विल्यम ख्रिस्तेनबेरी, अलाबामाचा. तो वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आपल्या मुलखात जायचा आणि त्याच त्या इमारतींची पुन्हा छायाचित्रं काढायचा: रंग उडाला, छप्पर गेलं, वेल चढली, शेवटी मोकळी जागा. एका छायाचित्रात कळत नाही ते ओळीने पाहिलं की कळतं.

पडक्या घराचं छायाचित्र सुंदर येतं, तेही फार सहज. ढग गडद करा, रंग काढून टाका, लोक वाहवा करतात. आम्हाला ते पटत नाही. ते कुणाचं तरी घर आहे. म्हणून आमचे नियम: आत शिरायचं नाही (मालकाचा हक्क तर आहेच, शिवाय साप असतात आणि उंदरांच्या लेंड्यांतून तिकडे जीवघेणा आजार होतो), काही उचलायचं नाही, आणि प्रत्येक छायाचित्राला गाव, तारीख आणि ही इमारत कशाची होती हे लिहायचं.

हा नियम कामी आला तो असा. कोलोरॅडोच्या पूर्व भागात एका लाकडी एलिव्हेटरासमोर आम्ही उभे होतो. रूळ अजून होते, पलीकडून मालगाडी यायची वाट बघत होतो. एक म्हातारा शेतकरी आपला पिकअप थांबवून खाली उतरला. वाट चुकलात का, असं त्याने विचारलं. छायाचित्र काढतोय म्हटल्यावर आधी हसला, आणि मग तासभर हलला नाही. ती छोटी खोली म्हणजे वजनकाटा. तिथे तो लहानपणी बापाशेजारी बसायचा. कुठल्या कोठारात गहू, कुठल्यात ज्वारी. कोणत्या फळीवर त्याच्या आजोबांनी नाव कोरलं होतं. आम्ही सगळं वहीत उतरवून घेतलं. तिकडेही ज्वारी पिकते म्हटल्यावर आम्ही भाकरीचं वर्णन केलं. त्यांच्याकडे ती गुरांना घालतात असं तो अगदी संकोचाने म्हणाला.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. हे ते छायाचित्र. मागे गाडी, मधे एलिव्हेटर, आणि डाव्या कोपऱ्यात पाठमोरा तो. गाडी ताशी साठ मैलांच्या वेगात होती. पूर्ण जायला अडीच मिनिटं लागली, तोवर तो टोपी काढून उभा होता. सवय असेल.

लेकीने त्याला मोठी प्रत पाठवली. पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं की एलिव्हेटर पाडलं. विमा मिळत नव्हता आणि आगीची भीती होती. पत्रात त्याने विचारलं होतं की वजनकाट्याच्या खोलीचं वेगळं छायाचित्र आहे का. होतं. तेही पाठवलं.

आता घरचं बोलतो. आपली छोटी लाइन, दोन फुटी रुळांची, ग्वाल्हेर ते श्योपूरकलां सुमारे दोनशे किलोमीटर. माधवराव शिंदे महाराजांच्या हौशीतून वाढलेली. जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरवणाऱ्या महाराजांना खरी आगगाडी दूरची नव्हती. घोसीपुरा, मोतीझील, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर. २०२० साली ती बंद झाली आणि ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. मोठी गाडी यावी, कुणाला नको आहे? श्योपूरच्या माणसाने दवाखान्यासाठी दहा-दहा तास टपावर बसून का यावं? पण मोठी गाडी सगळ्या जुन्या थांब्यांवर थांबेल असं नाही.

परत आल्यावर आम्ही कॅमेरा घेऊन त्या लाइनने फिरायला लागलो आहोत. आमच्याकडे आजची छायाचित्रं आहेत: रिकामे फलाट, उघडी तिकीट खिडकी. गाडी चालू असतानाची फार थोडी आहेत. ती तुमच्याकडे आहेत. लग्नाच्या वऱ्हाडाची, मामाकडे जातानाची, नोकरीवर रुजू होतानाची. मागे कुठेतरी डबा किंवा स्टेशनाची पाटी दिसत असेल. अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात पाकिटात घालून द्या. आम्ही प्रत काढून मूळ छायाचित्र आठवड्यात परत करू. मागच्या बाजूला स्टेशन, साल आणि माणसांची नावं लिहा. पेन्सिलने लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते.